वाळवलेली माती

बावीस वर्षं झाली, मी माती कुटतो. काम सांगायला सोपं आहे. शेतकरी कापडी पिशवीत अर्धा किलो माती आणतो. मी ती वर्तमानपत्रावर पसरून वाळवतो, ढेकळं लाकडी मोगरीने फोडतो, मुळं, काड्या, खडे वेचून टाकतो, चाळणीतून गाळतो आणि आत प्रयोगशाळेत देतो. सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश असे आकडे कागदावर येतात. त्यांच्या खाली दोन ओळींचा सल्ला मीच लिहितो. जळगावातल्या एका खाजगी केंद्रात ही नोकरी. सुरुवातीला नुसत्या वासावरून कळायचं, ही तापीकाठची काळी, ही सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड. आता सगळ्या धुळीने सारखाच खोकला येतो.

हे लिहायला बसलो ते एका पिशवीमुळे. ती पिशवी शेतकऱ्याची नव्हती, आमच्याच शेतातली होती.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याला पाठ टेकून बसलेलं. शेती मोठा भाऊ करतो. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, वडिलांच्या जागी. खालच्या अंगाला केळी आणि वरच्या टोकाला, नाल्याच्या कडेने, दीड बिघा रान. पळस, धावडा, अंजन, दोन-चार साग आणि मध्ये माणसाच्या कमरेएवढं एक वारूळ. वडिलांनी तिथे कधी नांगर घातला नाही. का नाही घातला, ते आम्हीही विचारलं नाही. पोळ्याच्या मागेपुढे त्या वारुळाभोवती अळंबी उगवायची. एका सकाळी काही नसायचं आणि दुसऱ्या सकाळी पांढऱ्या छत्र्यांनी जमीन भरून जायची. ती काढायची आमच्या घरची एक रीत होती. लोखंड लावायचं नाही. बांबूच्या चिपेने देठाभोवतीची माती सैल करायची, हातभर खोल गेलेला देठ सावकाश ओढायचा आणि भोक ओल्या पानाने झाकायचं. लहानपणी मी एकदा खुरपं नेलं होतं, तेव्हा भावाने ते नाल्यात फेकून दिलं होतं.

मी शहरात आलो तरी भाऊ दरवर्षी पळसाच्या पानांत बांधून अळंबी पाठवायचा. चोपड्याहून येणाऱ्या एसटीच्या वाहकाकडे पुडकं द्यायचा, मी स्टँडवरून घ्यायचो. मेहरूण भागातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी रानाचा वास यायचा. जास्त तिखट न घालता, कांदा आणि भरडलेले शेंगदाणे घालून भाजी व्हायची.

पाच वर्षांपूर्वी आमच्या केळीला मर लागली. खालची पानं पिवळी पडायची, बुंधा उभा चिरायचा आणि घडासकट झाड कोलमडायचं. मी आळवणी सांगितली. आळवणी म्हणजे औषध पाण्यात मिसळून थेट मुळाशी ओतायचं. बुरशीनाशकाची आळवणी मी आजवर शेकडो कागदांवर लिहिली असेल. आमच्या धंद्यात बुरशी म्हणजे मारायची गोष्ट, दुसरा अर्थच नाही. भावाने एकदा केली, दोनदा केली. मर थोडी थांबली आणि पुन्हा आली. तेव्हा तो म्हणाला, ही जमीन थकली आहे, नव्या जमिनीत केळी लावून पाहू. नवी जमीन म्हणजे नाल्याकाठचं रान.

त्याच सुमारास ती मुलगी केंद्रात आली. धुळ्याची, संशोधन करणारी, पाठीवर बॅग आणि हातात मासेवाल्याकडे असते तसली बर्फाची पेटी. जंगल मोडून शेत केलं की मातीतल्या बुरशीचं काय होतं, हा तिचा विषय. तिचा एक सहकारी सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात आणि तिथल्या सुपारीच्या बागांत हेच पाहत होता. तिला आमच्याकडचं पायथ्याचं रान आणि केळी हवी होती. तिने मला समजावून सांगितलं, तेव्हा मी चहा घेत अर्धवट ऐकत होतो. झाडांच्या मुळांना बिलगून राहणारी बुरशी असते, ती मुळांना पाणी, स्फुरद पोचवते. झाड तिला साखर देतं. रान तोडलं, एकच पीक लावलं, वरून औषधं ओतली की ही सोबतीची बुरशी घटते आणि रोग करणाऱ्या बुरशीला मोकळं रान मिळतं. सदाहरित जंगलांतून असं दिसतं, आपल्याकडे काय दिसतं ते पाहायचंय, असं ती म्हणाली.

मी तिला गावी घेऊन गेलो. भावाने पेटीचं झाकण उघडून पाहिलं आणि मला म्हणाला, "काय सायेब, मातीले ताप चढना का, बरफ लई उनात?"

मुलगी हसली. ती धुळ्याची, तिला अहिराणी कळायची. तिने आधी केळीतले नमुने घेतले, मग रान फिरून पाहिलं, वारुळापाशी उकिडवी बसली, पानांचा थर बाजूला केला आणि त्याखालचे पांढरे धागे भावाला दाखवले. "भाऊ, हे आहे ना, हे मी केळीत शोधत होते. नाही सापडलं. तुमच्या या रानात ते असेल तर इथली मूठ मूठ माती केळीच्या खड्ड्यात टाकून बघता येईल. माझा अहवाल येईपर्यंत हे मोडू नका."

भाऊ बराच वेळ त्या धाग्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, हाई रान आमना बापनी राखेल शे. माले काय हौस नही. तुमना कागद येऊ द्या. कागद जे म्हनी ते."

वहिनी बांधावरून ओरडत होती, "दोन्ही भाऊ माती माती करा तथा, भाकरी थंडी व्हई ऱ्हायनी!"

म्हणजे त्या दीड बिघ्याचं काय होणार, ते एका पिशवीवर आलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्या दिवशी पाऊस इतका लागला की रानातला नमुना घेता आला नाही. केळीतल्या पिशव्या घेऊन ती परत गेली. रानातली माती दोन-चार दिवसांनी काका तुम्हीच घ्या, असं सांगून एक पेटी माझ्याकडे ठेवून गेली. बजावूनही गेली: मुळांसकट घ्या, चाळू नका, वाळवू नका, थंड ठेवा, सोमवारी सकाळी मी येऊन नेते. शनिवारी मी गावी गेलो, पळसाखालची माती घेतली आणि पेटीत घालून केंद्रात आणली.

रविवारी केंद्र बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे असते. पेटीतला बर्फ बदलायला गेलो. पिशवी उघडून पाहिली तर आत मातीवर पांढरट जाळं पसरलेलं. ओल्या मातीचा नमुना तसाच ठेवला तर त्याला बुरशी लागते आणि तो वाया जातो, हे मी बावीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत आलोय. किती जणांना मी रागावून परत पाठवलंय! माझ्या मनात एवढंच आलं की पोरीचा नमुना बिघडतोय, वाचवला पाहिजे. मी वर्तमानपत्र पसरलं. गच्चीवर चांगलं ऊन पडलं होतं. माती वाळवली, मोगरीने कुटली, मुळं वेचून कचऱ्यात टाकली, चाळणी फिरवली. चाळणी झटकून भिंतीला लावली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय केलंय ते. तिला जी गोष्ट मोजायची होती, तिच्यापासूनच मी ती माती वाचवली होती.

मी तिला फोन करायला हवा होता. पुन्हा गावी जाता आलं असतं. मी फोन हातात धरला आणि खिशात ठेवला. इतकी वर्षं मातीचं काम करणारा माणूस, आणि नवखा पोऱ्यासुद्धा करणार नाही असली चूक. तिला हे सांगायचं मला जमेना. खरं कारण एवढंच, याहून मोठं काही नाही.

सोमवारी उजाडताच मी मेहरूण तलावावर गेलो. तिथे काठावर एक जुनी चिंच आहे, खाली पाल्याचा थर असतो, माती ओलसर, काळपट. बोटांनी उकरून पिशवी भरली. मुळंही आली. पिशवीवर आधीचीच चिठ्ठी होती, गावाचं नाव, गट नंबर, घेणाऱ्याच्या जागी माझं नाव. दहाच्या सुमारास ती आली आणि पेटी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "थँक्यू काका, तुम्ही होतात म्हणून झालं."

वाळवलेली माती मी फेकली नाही. का ते माहीत नाही. प्लास्टिकच्या बरणीत भरून घरी कपाटात, जुन्या कागदांच्या मागे ठेवली.

थंडी सरता सरता तिचा फोन आला. रानातल्या नमुन्यात फारसं काही मिळालं नव्हतं. केळीतल्या मातीहून विशेष वेगळी नाही, तिलाही नवल वाटत होतं. "काका, तिथे गुरं वगैरे बसतात का?" मी म्हणालो, "बसतात की." गुरं तिथे पाय ठेवत नाहीत, नाल्याची कड इतकी उभी आहे.

भावाने विचारलं, "काय निंघनं?"

"काही विशेष नही, भाऊ."

"मंग बलावू का मशीन?"

मी म्हणालो, "तू देख."

उन्हाळ्यात जेसीबी आला. मी गेलो नाही, सुट्टी नव्हती असं सांगितलं. सुट्टी होती. दोन दिवसांत रान सपाट झालं. वारूळ तेवढं राहिलं, कारण वहिनी नागपंचमीला तिथे लाह्या आणि दूध ठेवते आणि ती यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. वारूळ आणि त्याच्याभोवती खोलीएवढी जागा, एक पळस. बाकी केळी.

पहिल्या वर्षी केळी अशी आली की भाऊ लोकांना बोलावून दाखवायचा. मला वाटलं, चला, वाईट काही झालं नाही. त्या पोळ्याला एसटीतून पुडकं आलं नाही. बायकोने विचारलं, "या वर्षी भाऊजींनी काही पाठवलं नाही?" मी म्हणालो, पाऊस कमी होता. पुढच्या पोळ्यालाही आलं नाही. तिने विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी नव्या जमिनीतही पानं पिवळी पडली. भाऊ आता दुकानातून पुड्या आणायचा. मुळांना चिकटणारी चांगली बुरशी, भुकटी करून पाकिटात भरलेली. आणि महिन्याभराने मर दिसली की मारणारं औषध. दोन्ही एकाच टाकीतून, एकाच ठिबकच्या नळीतून. फोनवर सांगायचा तेव्हा त्याच्या आवाजात राग नसायचा, नुसता दम लागलेला असायचा. मग म्हणाला की वारुळाची तेवढी जागाही साफ करतो, ओळी सरळ येतील. वहिनी आता थकली होती, भांडत नव्हती.

गेल्या श्रावणात मुलगी पुन्हा आली. प्रबंध संपत आला होता. सगळ्या जागांचं गणित जुळत होतं, फक्त आमच्या रानाचं जुळत नव्हतं. मार्गदर्शक म्हणाले होते की ती जागा गाळून टाक. पण तिला एकदा स्वतः येऊन पुन्हा नमुना घ्यायचा होता. रान उरलं नाही, हे मी तिला फोनवर सांगितलं नव्हतं. चोपड्यापर्यंत एसटीत ती शेजारी बसून बोलत होती आणि मी हूं हूं करत होतो.

शेतात पोचल्यावर ती थांबली. केळीच्या ओळी, मध्ये एकटं वारूळ आणि त्याच्या चारी अंगांना भावाने ठोकलेल्या खुंट्या. पुढच्या लागवडीसाठी दोरी मारायची होती.

"मोडलंत?" ती म्हणाली.

भाऊ ओशाळला. "तुमना कागद उना ना ताई. काही विशेष नही, असं उनं. मंग राखीसन काय करू?"

तिने मान हलवली. वहिनी पाणी घेऊन आली होती. तिला ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही इथे झाडाला दोरा बांधता का? लाल? तेव्हाच्या नमुन्यात लाल दोऱ्याचा एक तुकडा होता."

"दोरा? नही ओ. मी नागपंचमीले लाह्या ठेवस, दूध ठेवस. दोरा कसाले?"

तलावावर चिंचेला दोरे बांधतात. निर्माल्यही तिथेच पडतं. 

 मुलगी भावाला म्हणाली, "मग चूक माझीच झाली असणार, भाऊ. तेव्हा नवखी होते. प्रयोगशाळेत पिशव्या अदलाबदल झाल्या असतील. माझ्या चुकीच्या कागदावर तुम्ही रान मोडलंत." तिचा आवाज फाटला. ती माझ्या मुलीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल.

मी म्हणालो, "भाऊ, ती माती आठली नव्हती."

कोणालाच कळलं नाही. ती माती इथली नव्हती, असं मला पुन्हा सांगावं लागलं. मग गच्ची, ऊन, मोगरी, चाळणी, सगळं सांगितलं. सांगताना मी भावाकडे नाही, खुंट्यांकडे बघत होतो.

"कथानी व्हती मंग?" भावाने विचारलं.

"मेहरूणनी. तलावकाठनी."

"घरनं रान सोडीसन तू तलावनी माती धाडी?"

"हा, भाऊ," मी म्हणालो.

"तू मातीवर पोट भरस ना? बावीस वरीस व्हयनात." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो विचारत होता, खरंच विचारत होता. मग त्याने डोक्यावरचा रुमाल काढला, तोंड पुसलं आणि बांधावर बसला.

मुलीने मला एकच विचारलं. "ती वाळवलेली माती फेकलीत का?"

"नाही. घरी आहे. बरणीत."

ती म्हणाली, "काका, वाळलेल्या मातीतूनसुद्धा पुष्कळ कळतं. सगळं नाही, पण कोण कोण होतं तिथे, त्यांची नावं तरी कळतात. त्याच सोमवारी सांगितलं असतंत तर मी तीच नेली असती."

म्हणजे ती मोगरी, ती चाळणी, ज्यांच्या लाजेने मी हे सगळं केलं, त्यांनी फारसं बिघडलंच नव्हतं. जे बिघडलं ते मी पिशवी दुसऱ्या मातीने भरली तेव्हा. मी अजूनही कधीकधी स्वतःला सांगतो की खरी माती गेली असती तरी भावाने यंत्र बोलावलंच असतं, मर लागलेली बाग बघत कोण थांबतं. असेलही तसं. पण कागद जे म्हणेल ते, असं तो म्हणाला होता आणि तो बोललेलं मोडत नाही.

वारुळाभोवती जी जागा उरली होती तिथली माती घ्यायचं तिने ठरवलं. मी सवयीने पुढे झालो आणि पिशवी उघडून धरली. भाऊ बसल्या जागेवरून म्हणाला, "ताई, तुम्हीच घ्या. ह्याले हात लावू देऊ नका."

वहिनी म्हणाली, "असं काय बोलतस!" पण तिने मला पुढे हो असंही म्हटलं नाही.

मी पेटीचं झाकण धरून केळीच्या ओळीत उभा राहिलो. मुलगी लोखंडी खुरपी काढत होती. भावाने ती परत आत ठेवायला लावली, कुंपणाच्या बांबूची एक चीप काढली, विळ्याने टोक केलं आणि तिच्या हातात दिली. तिने माती घेतली, मुळांसकट. भोक उघडं राहिलं होतं, ते भावाने पळसाच्या पानाने झाकलं. त्या जागी त्या वर्षी एकही छत्री उगवली नव्हती.

परत निघताना मी वळून पाहिलं. भाऊ खुंट्या उपटत होता. चारी उपटल्या आणि काखेत धरून झोपडीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात मी बरणी घेऊन धुळ्याला गेलो. तिने नवी चिठ्ठी लावली आणि पेन माझ्याकडे दिलं. गाव, गट नंबर, कोणी घेतली, कशी ठेवली. 'उन्हात वाळवून, कुटून, चाळून' असं मी लिहिलं. दुसऱ्या ओळीत तलावाच्या मातीबद्दलही लिहून सही केली, कारण तिला ते मार्गदर्शकांना दाखवायचं होतं.

भावाचा फोन यायला दोन महिने लागले. घरचं सगळं बोलून झालं, केळीचं बोलून झालं. पिवळं पडणं थांबलेलं नाही. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "ताईनं काही उनं का?"

"अजून नही, भाऊ. उनं की तुले लगेच सांगस."

"तू नको सांगू," तो म्हणाला. "तिना नंबर शे मनाकडे. ती सांगी माले."

त्याने फोन ठेवला. दारात एक शेतकरी पिशवी घेऊन उभा होता. माती ओली होती. मी वर्तमानपत्र पसरलं.